पोटातून लाळेपर्यंत

हिवताप दूषित हवेमुळे होतो, असा समज पूर्वी होता. या रोगाशी डासांचा संबंध असावा, ही पॅट्रिक मॅन्सन यांची कल्पना पडताळण्याचे ध्येय घेऊन लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस १८९५ मध्ये भारतात परतले. सिकंदराबादला घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजत. डास उडू नयेत म्हणून पंखाही बंद ठेवावा लागे. दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण डासांची जातच चुकीची होती. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे परजीवी दिसले.

पण ते पुन्हा माणसात कसे शिरतात, हे कळायचे होते. तेवढ्यात राजपुतान्यात बदली झाली आणि काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग सुरू केले. जुलैत परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडले. असे डास चावलेले निरोगी पक्षीही आजारी पडले. रोग डासाच्या दंशातून पसरतो, हे सिद्ध झाले. १९०२ मध्ये रॉस यांना नोबेल मिळाले. २० ऑगस्ट आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. शोध मात्र त्यानंतर वर्षभराने पूर्ण झाला.