प्लेगचा कायदा आणि सावित्रीमाईंचा दवाखाना

खंडाळा म्हटले की मावळातल्या माणसाला बोरघाट आठवतो. क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे नायगाव मात्र सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातले. ३ जानेवारी १८३१ हा त्यांचा जन्मदिवस. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सनातन्यांच्या शेणाचा आणि दगडांचा मारा सोसत माई शिकवत राहिल्या. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी भुकेल्यांसाठी अन्नछत्रे चालवली. १८९० मध्ये जोतीराव गेले, तरी माई थांबल्या नाहीत. १८९३ च्या सासवडच्या सत्यशोधक अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच होत्या.

१८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुण्यात पसरला. इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. त्यात अवघी चार कलमे होती. सरकारला निर्बंध घालण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा आणि अंमल करणाऱ्याला संरक्षण, एवढाच त्याचा गाभा. भरपाईचा उल्लेख आहे, पण ती दिलीच पाहिजे असे बंधन नाही. रुग्णाला औषध आणि घरी अडकलेल्याला भाकरी देण्याचे कर्तव्य तर कोठेच नाही. या कायद्याच्या बळावर त्याच मार्चमध्ये रँडचे सोल्जर पुण्यातील घराघरांत शिरले.

माईंकडे ना कायदा होता, ना सोल्जर. त्यांनी डॉ. यशवंत यांना बोलावून हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

तोच कायदा महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये लागू केला. अधिकार जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांकडे गेले. लोणावळ्यात भुशी धरणावरची पर्यटनबंदी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने आली. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा नगरपालिकांचा विषय आहे, पण लोकांनी निवडलेले नगरसेवक निर्णयाच्या बाहेरच राहिले. साथीत गर्दी रोखणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण कणसे भाजून पोट भरणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोजगार कोणी भरून द्यायचा? याचे उत्तर १८९७ च्या कायद्यात नव्हते आणि २०२० च्या दुरुस्तीतही आले नाही. त्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवली, ते योग्यच झाले. हातावर पोट असणारा मात्र पुन्हा सुटला.

म्हणून मावळातील ग्रामसभांनी आणि लोणावळा-तळेगावच्या नगरपरिषदांनी आजच ठराव करून शासनाकडे मागणी करावी : ज्या आदेशाने बंदी येईल, त्याच आदेशात रेशन, उपचार आणि भरपाई असली पाहिजे. माईंची जयंती दरवर्षी येते. हार घालण्याआधी हा ठराव झाला, तर ते खरे अभिवादन ठरेल.

जय भीम, जय सावित्री!