खेळण्यातल्या मालगाडीला माल उतरवायला शिकवणारा माणूस : जोशुआ लायोनेल कोवेन

खेळण्यातली आगगाडी घरात आली की पहिले दोन दिवस काय होतं, हे सगळ्यांना माहितीय. गाडी गोल फिरते, पोरं टाळ्या पिटतात. तिसऱ्या दिवशीही गाडी गोलच फिरते, पण पोरांचं लक्ष नसतं. चौथ्या दिवशी गाडी कपाटावर जाते.

कारण साधं आहे. ती गाडी कुठं जात नाही, काही नेत नाही आणि काही आणत नाही.

या अडचणीवर सगळ्यात भारी उत्तर शोधलं ते अमेरिकेतल्या एका कंपनीनं. तिचं नाव लायोनेल आणि तिच्या मालकाचं नाव जोशुआ लायोनेल कोवेन.

कोवेनचा जन्म २५ ऑगस्ट १८७७ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील ज्यू स्थलांतरित, घरात भावंडांचा गोतावळा. मूळ आडनाव कोहेन, ते त्यानं पुढे बदलून कोवेन केलं. कॉलेजात नाव घातलं, पण तिथं मन रमलं नाही. पोराला नाद होता तो विजेच्या उपकरणांचा. लहानपणी त्यानं लाकडी इंजिनात छोटं वाफेचं यंत्र बसवलं आणि त्याचा स्फोट झाला, असा किस्सा सांगितला जातो. त्यात किती मीठमसाला आहे ते सोडा, पण खटपट्या स्वभाव मात्र खरा होता.

फोटो काढताना लागणारी फ्लॅशची पावडर पेटवायचं एक उपकरण त्यानं बनवलं. त्यातूनच अमेरिकन नौदलाच्या सुरुंगांसाठी पेटवणी बनवायचं मोठं काम मिळालं. हातात पैसा आला आणि सप्टेंबर १९०० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, भागीदाराला घेऊन त्यानं कंपनी काढली. नाव दिलं स्वतःचं मधलं, लायोनेल.

तेव्हा खेळणी बनवायचा विचार डोक्यातही नव्हता. कंपनीनं विजेचा छोटा पंखा काढला, पण तो काही चालला नाही. मग त्या पंख्याच्या मोटरचं करायचं काय?

१९०१ मध्ये त्यानं ती मोटर एका उघड्या लाकडी डब्याच्या खाली बसवली, चाकं लावली आणि गोल रुळावर सोडली. दिसायला ती मालगाडीची वाघीण. मॅनहॅटनमधल्या इंगरसोल यांच्या दुकानाच्या काचेमागे ती फिरणार होती. डब्यात दुकानातल्या वस्तू ठेवायच्या, फिरणारा डबा बघून लोक थांबणार आणि वस्तू घेणार, असा साधा हिशोब होता.

झालं उलटंच. लोक थांबले, पण वस्तू राहिल्या बाजूला. त्यांना डबाच विकत हवा होता. माल खपवायला केलेली गाडी स्वतःच माल झाली. इंगरसोल यांनी आणखी डबे मागवले आणि कोवेनला त्याचा धंदा सापडला.

म्हणजे लायोनेलची पहिली गाडी प्रवाशांची नव्हतीच, ती मालाची होती.

पुढच्या काही वर्षांत कोवेननं तीन रुळांची पद्धत आणली. बाहेरच्या दोन रुळांवर चाकं आणि मधल्या रुळातून वीज. घरच्या विजेवर गाडी चालावी म्हणून ट्रान्सफॉर्मर आला. रंगीत कॅटलॉग निघाले. वडील आणि मुलानं एकत्र बसून खेळायची वस्तू म्हणजे लायोनेल, हे त्यानं अमेरिकेच्या डोक्यात पक्कं बसवलं. मुलीही गाडीशी खेळतील, हे मात्र त्या कॅटलॉगना फारसं सुचलं नाही.

मग आली महामंदी. जिथं रोजच्या जेवणाचे वांधे होते, तिथं महागडी विजेची गाडी कोण घेणार? १९३४ मध्ये लायोनेल कर्जात बुडाली आणि कारभार रिसीव्हरच्या हातात गेला. त्याच वर्षी कंपनीनं एक डॉलरचं खेळणं आणलं, मिकी आणि मिनी माऊस दांडा मारत चालवतात अशी छोटी हातगाडी. ती अडीच लाखांच्या आसपास खपली. मिकीनं लायोनेलला वाचवलं असं आजही सांगतात, पण ते अर्धंच खरं. नव्या जमान्याच्या सुसाट गाड्यांची मॉडेल्सही तेव्हा जोरात खपत होती. १९३५ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या हातातून सुटली.

खरी गंमत यानंतर सुरू झाली.

१९३८ मध्ये लायोनेलनं कोळशाचा मालधक्का आणला. डबा धक्क्याजवळ थांबवायचा, बटण दाबायचं. डबा तिरका होतो आणि खोटा कोळसा खाली हौदात पडतो. मग साखळीला लावलेल्या छोट्या बादल्या तो कोळसा वरच्या टाकीत चढवतात. दुसरं बटण दाबलं की पलीकडच्या रुळावर उभ्या असलेल्या रिकाम्या डब्यात कोळसा ओततात. त्यापाठोपाठ लाकडाचे ओंडके खाली लोटणारा डबा आला आणि विजेच्या चुंबकानं लोखंड उचलणारी क्रेनही आली.

हे व्हायचं कसं? माल उतरवायच्या जागी रुळाचा एक खास तुकडा असायचा, त्यात वीज नेणाऱ्या दोन जादा पट्ट्या. डब्याच्या खाली धातूचे सरकते तुकडे. डबा बरोबर त्या तुकड्यावर थांबला तरच दोघांचा स्पर्श व्हायचा. बटण दाबलं की डब्यातल्या तारेच्या गुंडाळीत वीज जायची, तिचं चुंबक व्हायचं आणि ते लोखंडी दांडा ओढायचं. दांडा हलला की डबा तिरका.

आता यातली मेख बघा. गाडी थोडी पुढे गेली तर काहीच होणार नाही. वेग कमी करायचा, अंदाज घ्यायचा, चुकलं तर मागं घ्यायचं. गाडी बघत बसणारं पोरगं आता ड्रायव्हर झालं होतं, हमाल झालं होतं आणि मालधक्क्याचा मुकादमही झालं होतं. गाडीला आता जायला कारण होतं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, धातूची खेळणी बनवणं बंद झालं. कारखाना नौदलासाठी होकायंत्रं आणि इतर उपकरणं बनवू लागला. १९४३ मध्ये दुकानात लायोनेलची गाडी होती, पण पुठ्ठ्याची. ती जोडता जोडता लोकांच्या नाकी नऊ आले.

युद्ध संपलं आणि १९४७ मध्ये आला दुधाचा डबा. बटण दाबलं की डब्याचं दार उघडायचं, पांढऱ्या कपड्यातला छोटा माणूस बाहेर यायचा आणि दुधाचा कॅन फलाटावर ठेवायचा. पुन्हा बटण, पुन्हा कॅन. कॅन संपले की छतावरच्या झाकणातून पुन्हा आत टाकायचे. पोरांनी हा डबा डोक्यावर घेतला. १९४९ मध्ये गुरांचा डबाही आला. त्यात पत्रा विजेनं थरथरायचा आणि इवल्याशा गाई गोठ्यातून चालत डब्यात शिरायच्या.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लायोनेल जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळणी कंपन्यांमध्ये गणली जात होती.

पण मग जग बदललं. दूध आणि गुरं रेल्वे सोडून ट्रकमध्ये गेली, लांबचा प्रवास विमानात गेला, घरात टीव्ही आला. स्टेशनावर कॅन उतरताना ज्या पोरांनी पाहिलेच नव्हते, त्यांना त्या छोट्या माणसाचं काय कौतुक? १९५७ मध्ये लायोनेलला मुलींची आठवण झाली आणि गुलाबी इंजिनाची गाडी निघाली. ती साफ पडली. गाडी हवी असणाऱ्या मुलींनाही खऱ्यासारखीच गाडी हवी होती.

१९५९ मध्ये कोवेननं आपले शेअर्स विकले. कंपनी गेली नात्यातल्याच रॉय कोन या वकिलाच्या गटाकडे. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ८८ व्या वर्षी, कोवेन गेला. त्यानंतर चारच वर्षांत जुन्या कंपनीनं गाड्या बनवायचे हक्क जनरल मिल्सला देऊन टाकले.

नाव मात्र टिकलं. लायोनेलच्या गाड्या आजही निघतात, दुधाच्या डब्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. जगभरात मॉडेल रेल्वेचा छंद असलेली मंडळी आज खऱ्या कोळशाचा चुरा वापरतात, भरलेला डबा खाणीकडून कारखान्याकडे नेतात, रिकामा करून परत आणतात आणि कुठल्या डब्यात कुठला माल आहे याच्या चिठ्ठ्याही ठेवतात. अशा मंडळींची गाडी कपाटावर जात नाही. तिला उद्याही कुठंतरी माल पोचवायचा असतो.