मुद्दल आणि उत्पन्न : जे. सी. कुमारप्पा यांचा अर्थविचार

जे. सी. कुमारप्पा यांचा उल्लेख सामान्यतः गांधीप्रणीत ग्रामोद्योगाचे भाष्यकार म्हणून केला जातो. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कुमारप्पा व्यवसायाने हिशेबतपासनीस होते आणि त्यांचा सारा अर्थविचार हिशेबतपासनिसाच्या एका साध्या प्रश्नातून वाढला : वहीत उत्पन्न म्हणून मांडलेली रक्कम खरोखर उत्पन्न आहे, की ती मुद्दलातून केलेली उचल आहे?

तंजावर येथे ४ जानेवारी १८९२ रोजी एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कुटुंबाचे त्या वेळचे उपनाम कॉर्नेलियस होते. कुमारप्पा हे नाव त्यांनी पुढे धारण केले. लंडनमध्ये हिशेबशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला आणि नंतर अमेरिका गाठली. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक अर्थकारण व भारतीय दारिद्र्य या विषयावर प्रबंध लिहीत असताना ब्रिटिश राज्याचा जमाखर्च त्यांच्यासमोर उलगडला. १९२९ साली साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः प्रसिद्ध झाला आणि प्रबंधकाराचे जीवन पालटले.

गांधीजींनी त्यांच्याकडे प्रथम सोपविले ते खेड्यांच्या पाहणीचे काम. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. राज्याच्या तिजोरीचा अभ्यास केलेला हा माणूस आता शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च मांडू लागला. हिशेबाची हीच शिस्त त्यांनी स्वपक्षीयांनाही लावली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. त्या वेळी गांधीजी व त्यांच्या परिवाराच्या मुक्कामाचा खर्च त्या निधीवर टाकण्यास त्यांनी नकार दिला. निधी पीडितांचा होता आणि त्याला दुसरा वाटेकरी असू शकत नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी कुमारप्पांची कर्मभूमी ठरली. तेलाचा घाणा, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ यांवर तेथे प्रयोग चालत. त्यांपैकी एक लहानशी वस्तू त्यांच्या विचाराचे मर्म दाखविते. ती म्हणजे रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप. रॉकेल भूगर्भातील साठ्यातून येते आणि जळले की तो साठा तेवढ्याने कमी होतो. तेलबी मात्र शेतात दर हंगामाला पिकते. एका दिव्यातील तेलाच्या निवडीत मुद्दल व उत्पन्न यांतील भेद असा प्रत्यक्ष उभा राहिला.

या भेदाला सिद्धान्ताचे रूप मिळाले ते ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळातील कारावासात. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला त्यांचा ‘इकॉनमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ साली गांधीजींच्या प्रस्तावनेसह आला. कोळसा, खनिज तेल, धातू यांच्या संपणाऱ्या साठ्यांवर उभी असलेली अर्थव्यवस्था आणि अरण्ये, नद्या यांसारख्या निसर्गाच्या अखंड प्रवाहावर उभी असलेली अर्थव्यवस्था, असा भेद त्यांनी केला. साठे मर्यादित असल्यामुळे त्यांच्यासाठी राष्ट्रे लढणार, असे त्यांचे निदान होते. हिंसेचे मूळ त्यांना असे उपभोगाच्या पद्धतीतच सापडले. निसर्गातील परोपजीवी वृत्तीपासून सेवावृत्तीपर्यंतच्या पायऱ्याही याच ग्रंथात येतात. परंतु त्यांच्या जोडीला एखाद्या प्रदेशातील लोकांच्या आहाराच्या गरजेवरून पिकांचे क्षेत्र ठरविणाऱ्या समतोल शेतीचा विचारही आहे. नीतिविचार आणि कोष्टक यांची ही सांगड हे त्यांच्या लेखनाचे खास वैशिष्ट्य होय.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४९ साली सादर झाला. वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोगही केले. राष्ट्राने मात्र अवजड उद्योगांचा मार्ग धरला आणि १९५६च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने तो पक्का केला. घाण्याचे तेल गिरणीच्या तेलापुढे बाजारात कसे टिकावे, या प्रश्नाला त्यांच्या हयातीत समाधानकारक उत्तर मिळाले नाही. त्यांच्या कार्याची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि, टिकाव न धरणे हा मालाचा दोष की किमतीत मुद्दलाची झीज न धरणाऱ्या हिशेबाचा, हा त्यांचा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे.

अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९८७ साली, ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची संज्ञा जगभर रूढ केली. त्या संज्ञेमागील हिशेब मगनवाडीत अर्धशतकापूर्वीच एका दिव्याच्या निमित्ताने मांडला गेला होता.