अण्णांच्या घरची माणसे

महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली वारले. १०४ वर्षांच्या या आयुष्याचे श्रेय पुष्कळजण मिताहाराला आणि पायी चालण्याला देतात. मला मात्र त्यांच्याभोवतीची माणसे अधिक महत्त्वाची वाटतात.

मुंबईत शिकताना नरहरपंत जोशी हे अण्णांचे जिवलग मित्र. नरहरपंतांनी आपली विधवा बहीण गोदूबाई हिला मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९१ साली अण्णांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, हा अण्णांचा निश्चय. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या.

मुरूडकरांनी बहिष्कार घातला. मी गव्हाणची. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आमच्या रायगड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपलेच गाव परके झाल्यावर माणूस खचतो. अण्णा खचले नाहीत, कारण घरात आनंदीबाई होत्या.

पुढे हिंगण्याचा आश्रम उभा राहिला. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांनी त्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. अण्णा पैसा आश्रमाला देत, संसाराची ओढाताण आनंदीबाई सोशीत. कुरबुरी होत, तरी साथ ५७ वर्षे टिकली.

१९५० साली आनंदीबाई गेल्या. १९५३ साली थोरले चिरंजीव रघुनाथरावही गेले. १९५८ साली शंभरीत अण्णांना भारतरत्न मिळाले, ते पाहायला ही दोघे नव्हती.