नगरच्या किल्ल्यातील राजा

गाजलेल्या खुनांचे जुने कागद पुन्हा उलगडून सरकारी निकालावर शंका घेणारी पुस्तके वाचण्याचा नाद आपल्या मराठी घरांतून पुष्कळांस आहे. प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड बेळगावास लागून असलेल्या वडगावात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. तेव्हा विणकरांच्या या गावात आणि शेजारच्या शहापुरात लंडनच्या जॅक द रिपरचा नाव-पत्ता शोधणारी चर्चा कानी पडली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल याचे वाटते, की परमुलखातील मुडद्यांचा एवढा खल करणाऱ्यांना आपल्या करवीरच्या गादीवरील एका छत्रपतींचा मृत्यू क्वचितच आठवतो. आमच्या जिल्ह्यातील रायबाग पूर्वी करवीर राज्यातच होते, म्हणून हे प्रकरण इकडच्या माणसांसही परके नव्हे.

चौथे शिवाजी महाराज हे मूळचे भोसले कुळातील नारायणराव. जन्म १८६३ चा. राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले आणि आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी देण्यात आला. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ च्या ऑक्टोबरात राणीसाहेबांनी या आठ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले व त्याचे नाव शिवाजी ठेवले. आईबापांच्या घरातून उचलून ज्या राजवाड्यात त्यास आणले, त्या वाड्याची किल्ली खरे पाहता पोलिटिकल एजंटाच्या कमरेस होती.

कोल्हापूरच्या लोकांचे मन त्या काळी हळवे का झाले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची हकीगत नीट कळावयाची नाही. सत्तावनच्या धामधुमीत ज्यांच्यावर सरकारचा रोष झाला ते चिमासाहेब महाराज कराचीस नेले गेले आणि तेथेच १८६९ साली वारले. पुढच्याच वर्षी राजाराम महाराज परदेशी गेले ते परतलेच नाहीत. गादीवरची माणसे गावाबाहेर नेली की परत येत नाहीत, ही धास्ती आधीपासूनच होती. त्यात हा तिसरा मुलगा आला.

महाराज वयात येऊ लागले तसे त्यांच्या वागण्यात विक्षिप्तपणा दिसतो, असे सरकारी कागद बोलू लागले. गोरे शिक्षक व नोकर भोवती नेमले होते. राज्याचा कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. राजा वेडा होत चालला आहे, असे दरबारचे म्हणणे. राजास छळून वेडे करण्यात येत आहे, असे लोकांचे. हे दुसरे म्हणणे कोल्हापुरातून पुण्यास पोहोचले, आणि १८८१ च्या जानेवारीत नुकतीच निघालेली केसरी व मराठा ही पत्रे त्यात पडली. केसरीचे संपादक गोपाळ गणेश आगरकर, मराठ्याचे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीतले, शाळा चालवणारे, खिसा रिकामा असलेले.

त्यांनी दरबारवर जी टीका केली ती ऐकीव बातम्यांवरच राहिली असती तर कदाचित निभावले असते. पण बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे त्यांच्याकडे आली आणि महाराजांविरुद्धच्या कारस्थानाचा लेखी पुरावाच मिळाला, असे त्यांना वाटले. त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. टिळक-आगरकरांस जामीन हवा होता. तेव्हा जोतीराव फुले यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. पुण्याच्या पुढील भांडणांची ज्यांस माहिती आहे त्यांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, आणि शाळेचा व पत्रांचा सर्व भार या दोन आरोपींवर पडला.

मुंबईच्या हायकोर्टात पत्रे बनावट ठरली. आपण फसलो हे कळताच दोघांनी माफी मागितली, तरी न्यायमूर्ती लॅथम यांनी १७ जुलै १८८२ रोजी त्यांना चार महिन्यांची साधी कैद सुनावली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे एकशे एक दिवस गेले. २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, ते प्रसिद्धच आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे 'विकारविलसित' हे रूपांतरही त्यांनी त्याच कोठडीत हाती घेतले. राजपुत्र खरा वेडा की भोवतालच्या माणसांनी त्यास तसे ठरविले, हा प्रश्न ज्या नाटकाच्या पोटात आहे ते नाटक या माणसाने त्याच वेळी निवडावे, हे सहज घडले असेल असे निदान मला तरी वाटत नाही. ते १८८३ साली छापून निघाले.

खोट्या पत्रांनी खरा प्रश्न गिळून टाकला, तो येथेच. न्यायालयापुढे विषय होता बर्व्यांच्या अब्रूचा. महाराजांवर कोण पहारा करतो, त्यांस कसे वागवतात, वैद्यकीय तपासणी कोणी व कोणाच्या सांगण्यावरून केली, याचा निवाडा तेथे व्हावयाचा नव्हता आणि झालाही नाही. परंतु निकालानंतर असे भासू लागले, की पत्रे खोटी म्हणजे तक्रारही खोटी. पुणेकरांची तोंडे बंद झाली. १८८२ सालीच महाराज कारभारास अपात्र ठरले आणि कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे रीजंट झाले. १८८३ साली महाराजांस अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. आपल्या माणसांपासून, आपल्या गावापासून, अंबाबाईच्या देवळापासून दूर.

त्यांच्या दिमतीस होता ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई. २५ डिसेंबर १८८३, म्हणजे नाताळचाच दिवस. महाराज व ग्रीन यांची झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय अवघे वीस. सरकारी हकीगत अशी, की महाराज अंगावर धावून आले, शिपायाने स्वतःस सावरले, आणि प्लीहा फुटून मृत्यू ओढवला. ग्रीनवर ठपका आला नाही.

प्लीहेची ही सबब त्या काळच्या हिंदुस्थानात नवी नव्हती. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने १८७५ साली आपल्या मोतद्दारास मारले. तो प्लीहा फुटून मेला आणि फुलर तीस रुपये दंडावर सुटला. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना १८७६ साली त्या निकालावर जाहीर नापसंती नोंदवावी लागली व त्यावरून इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावरच आग पाखडली. हिवतापाने हिंदी माणसाची प्लीहा वाढलेली असते, ती थोड्याशा धक्क्याने फुटते, हे वैद्यकीय दृष्ट्या काही अंशी खरेही होते. म्हणूनच ती सबब इतकी उपयोगी पडे. गोऱ्या हाताचा धक्का नेहमी थोडासाच असे.

मग नगरच्या किल्ल्यात खून झाला काय? जुनी मंडळी बेधडक खून म्हणत. ठरवून मारले, असे म्हणण्यास लागणारा पुरावा पुढे आलेला नाही, आणि एकदा बनावट कागदांनी हात पोळल्यावर तरी आपण तसे म्हणण्याची घाई करू नये. पण सरकारी हकीगत शब्दशः खरी धरली तरीही ती सरकारला सोडवत नाही. महाराज आजारी होते, असेच सरकारचे म्हणणे होते ना? मग वीस वर्षांच्या आजारी मुलाच्या अंगावर शिपाई का नेमला? शुश्रूषेस जवळचे माणूस का नव्हते? तो अंगावर धावून येतो हे ठाऊक होते तर त्यास आवरण्याची रीत शिकलेला माणूस का ठेवला नाही? हे प्रश्न विचारण्यास एकाही चोरट्या पत्राची गरज नव्हती. ते सरकारच्या स्वतःच्या कागदांतूनच उभे राहतात. १८८२ साली पुण्याच्या पत्रांनी बर्व्यांच्या मागे लागण्याऐवजी या पहाऱ्याच्या व्यवस्थेचाच पिच्छा पुरवला असता, तर मुंबईच्या कोर्टात उभे राहण्याची पाळी कदाचित आली नसती, आणि पहारेकरी बदलला असता तर कोण जाणे.

बर्व्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. पत्रे त्यांची नव्हती, हे न्यायालयात सिद्ध झाले. तरीही कोल्हापुरात त्यांचे नाव पुढे कित्येक वर्षे संशयानेच घेतले जाई. सरकारी बाजू लोकांनी मानली नाही, यात लोकांचा दोष थोडा आणि बंद दाराआड चौकशी उरकणाऱ्यांचा अधिक. उघड तपासणी झाली असती तर खरे दोषी कोण हे ठरले असते आणि जे दोषी नव्हते तेही सुटले असते.

महाराजांच्या मागे राणी आनंदीबाई होत्या. १७ मार्च १८८४ रोजी त्यांनी रीजंट आबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव यांस दत्तक घेतले. हेच शाहू छत्रपती. या दत्तकविधानावरून काहींनी भलतेसलते तर्क बांधले, पण नगरच्या घटनेशी त्याचा संबंध जोडण्यास काडीचाही आधार नाही. आबासाहेब स्वतः १८८६ साली वारले.

नव्या राजाच्या शिक्षणात मात्र सरकारने वेगळी वाट धरली. शाहूंस प्रथम राजकोटास व मग आमच्या बेळगावपलीकडच्या धारवाडास ठेवले, तेथे फ्रेझर यांच्यासारखा समजूतदार शिक्षक दिला, आणि मुख्य म्हणजे बंधू बापूसाहेब घाटगे यांच्यासह बरोबरीची मुले सोबत पाठवली. २ एप्रिल १८९४ रोजी शाहूंनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते नुकतेच विशीत पोहोचत होते, म्हणजे चौथे शिवाजी महाराज ज्या वयात नगरच्या किल्ल्यात एकटे होते त्याच वयात.