निबंधाचा जनक म्हणतात त्या माँतेनचे निबंध सुरू कसे व्हायचे आणि संपायचे कसे?

शाळेत निबंध म्हटलं की वर एक सुविचार आणि खाली 'म्हणूनच म्हणतात' एवढं ठरलेलं असतं. पण ज्याच्यापासून युरोपात निबंध हा प्रकार सुरू झाला, त्याला या हिशोबात बहुतेक काठावरसुद्धा पास केलं नसतं.

मिशेल द माँतेन. जन्म १५३३ चा, फ्रान्समधल्या बोर्दोजवळचा. घरचा श्रीमंत, कोर्टात मोठ्या पदावर. १५६३ मध्ये त्याचा जिवलग मित्र ला बोएसी गेला, १५६८ मध्ये वडील गेले. पुढे सहा मुली झाल्या, त्यातली एकच जगली. बाहेर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठलेले. १५७१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, यानं कोर्टाचं काम सोडलं आणि वाड्याच्या बुरुजात पुस्तकं मांडून बसला. तिथं जे लिहिलं त्याला त्यानं नाव दिलं 'एसे', म्हणजे फ्रेंचमध्ये प्रयत्न.

१५८० मध्ये पुस्तक आलं. सुरुवातीलाच वाचकाला सांगून टाकलं, की यात मी फक्त स्वतःबद्दल लिहिलंय, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आता असं सांगितल्यावर पान कोण उलटणार नाही?

त्यातला नरभक्षकांवरचा निबंध बघा. विषय ब्राझीलचे आदिवासी, पण सुरुवात होते ग्रीक राजा पिऱ्हसपासून. ज्या रोमनांना ग्रीक लोक रानटी समजायचे, त्यांच्या सैन्याची शिस्त बघून तो चकित होतो. एवढ्या एका प्रसंगात प्रश्न उभा राहतो, की रानटी म्हणायचं कुणाला? व्याख्या नाही, विषयाचं महत्त्व नाही.

शेवट तर कहर आहे. रुआन शहरात आलेल्या ब्राझीलच्या माणसांना फ्रान्सची दोन कोडी पडतात. दाढीवाले धिप्पाड सैनिक एका पोरसवदा राजाचं का ऐकतात? आणि उपाशी लोक श्रीमंतांची मानगूट का धरत नाहीत? इथं कुणीही चार ओळींचं तात्पर्य लिहिलं असतं. माँतेन फक्त टोमणा मारतो, की असेल सगळं खरं, पण हे लोक विजार घालत नाहीत ना! निबंध संपला. हसू येतं, आणि मग ते आपल्यावरच आहे हे कळतं.

गाड्यांवरच्या निबंधात तो बराच भरकटतो. शेवटी गाड्यांकडे परत येतो तो थेट पेरूच्या राजाच्या सोन्याच्या पालखीपाशी. स्पॅनिश सैनिक भोयांना मारत जातात, त्यांच्या जागी नवे भोई खांदा देत राहतात, अखेर एक घोडेस्वार राजाला खाली खेचतो. बस, पुढे एक शब्द नाही.

मधे चार वर्षं तो बोर्दोचा महापौरही होता. १५८८ मध्ये वाढीव आवृत्ती निघाली, तरी त्याचं समाधान झालं नाही. छापील प्रतीच्या समासात तो नवी वाक्यं लिहीत राहिला, १५९२ मध्ये जाईपर्यंत. ती प्रत आजही बोर्दोच्या ग्रंथालयात आहे, चारी बाजूंनी शाईनं भरलेली.