मरणाची वाट व मरणाशीं झुंज

पंडिता रमाबाई सोळा वर्षांच्या असतां, इ. स. १८७४ च्या सुमारास, दुष्काळानें त्यांच्या कुटुंबास गांठिलें. अन्न सरलें. भीक मागण्यापेक्षां मरण बरें, अशा निश्चयानें सर्व रानांत शिरलीं. पुढें पिता, माता व वडील बहीण निवर्तलीं. १८८० सालीं बंधु, १८८२ सालीं पति गेला. परंतु पदरीं तान्ही मनोरमा होती. आतां जगणें हेंच कर्तव्य झालें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांस स्वतःची जुनी भूक आठवली. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं उपाशी बायकामुली आणिल्या. अशा सुमारें तीनशे वांचल्या. केडगांवीं त्यांस आसरा मिळाला.

१९२१ सालीं मनोरमाही गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. वाचकहो, तरुणपणीं ज्या मरणाची वाट पाहत बसल्या, त्यांनींच प्रौढपणीं परक्यांच्या दारचें मरण परतविलें.